दुर्गम वस्तीतले रोजचे जगणे कॅमेऱ्यात: आधी काय, नंतर काय

दहा दिवसांच्या प्रवासातून दोन हजार फोटो घेऊन माणूस परततो. त्यात ताठ उभी राहिलेली कुटुंबे, दात काढून हसणारी मुले, सुरकुतलेला एखादा चेहरा आणि रंगीत दरवाजे असतात. त्या लोकांचा दिवस कसा जातो, हे मात्र एकाही फोटोत दिसत नाही. दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो, क्रमाचा असतो. कॅमेरा गाडीच्या दारातच बाहेर निघतो, परवानगी फोटो काढून झाल्यावर मागितली जाते, समोर माणूस ताटकळत असताना सेटिंग बदलत बसावे लागते आणि नाव विचारायचे राहून जाते. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने पाळा. एखादा टप्पा गाळला, तर त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन टप्प्यांवर दिसतो.

## १. निघण्याआधी: कुठे फोटो काढायचेच नाहीत, ते ठरवा

आधी कायदा बघा, मग त्या समाजाचा नियम. दोन्ही वेगवेगळे असतात आणि दोन्ही लागू असतात.

अंदमानातल्या जरावा लोकांचे फोटो किंवा व्हिडिओ काढणे हा तुरुंगवास होऊ शकणारा गुन्हा आहे. चालत्या गाडीतून काढलेला फोटोही यात येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात होपी लोकांच्या गावांमध्ये फोटोच नव्हे, तर रेखाटन आणि ध्वनिमुद्रणही चालत नाही. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाच्या काही पवित्र भागांचे फोटो काढू नयेत, असे तिथले मूळ रहिवासी सांगतात, कारण त्या खडकांचे तपशील फक्त त्या जागीच बघायचे असतात, अशी त्यांची धारणा आहे. ड्रोनचे नियम याहून कडक असतात. मोरोक्कोत पर्यटकाला ड्रोन देशात आणताच येत नाही, तो विमानतळावरच अडकतो.

लष्करी ठाणी, सीमेवरच्या चौक्या, पूल, धरणे आणि सरकारी इमारती यांचे फोटो अनेक देशांत गुन्हा ठरतात. दुर्गम भाग बऱ्याचदा सीमेलगतच असतो. पुलावरून जाणाऱ्या मेंढपाळाचा साधा फोटोही चौकशीला कारण होऊ शकतो.

तपासा: प्रवेश परवाना लागतो का, व्यावसायिक छायाचित्रणाला वेगळी परवानगी लागते का आणि कोणत्या जागा व विधी वर्ज्य आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिलेली असल्याशिवाय तिकीट काढू नका.

## २. पिशवी: कमी, पण दोनदा

अशा कामाला एक कॅमेरा आणि दोन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स पुरतात: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी आणि ८५ मिमी. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल, तर साधारण २३ आणि ५६. दूरचे जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स शक्यतो घरीच ठेवा. २०० मिमीने लांबून टिपलेला माणूस आणि दीड मीटरवर बसून काढलेला माणूस यांतला फरक बघणाऱ्याला लगेच कळतो. पहिला पाळतीवर ठेवल्यासारखा दिसतो.

ज्या वस्तू बिघडल्या तर काम थांबते, त्या मात्र दोन घ्या: चार्जर, केबल, कार्ड रीडर आणि शक्य असेल तर कॅमेऱ्याची बॉडी.

बॅटऱ्यांचा हिशेब वीज नाही असे धरून करा. दिवसाला दोन, आणि वीज नसलेल्या सलग दिवसांइतक्या जोड्या. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे ती मर्यादेत बसते.

कार्डांचे गणित सोपे आहे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची. रोज ३०० फोटो धरले, तर दिवसाला ९ जीबी. मोठे २५६ जीबीचे एकच कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची चार घ्या. एक हरवले, तर चौथा भागच जातो.

लहान झटपट प्रिंटर किंवा जागीच छापील फोटो देणारा इन्स्टॅक्स कॅमेरा असेल, तर जरूर न्या. टप्पा ६ मध्ये त्याचे काम आहे. त्याची फिल्म चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथल्या स्कॅनरने ती धूसर होते. पाच अंशांखाली रंग नीट उमटत नाहीत, म्हणून थंडीत प्रिंट बाहेर आली की लगेच आतल्या खिशात ठेवा.

इशारा: बाहेरच्या थंडीतून उबदार घरात शिरताना कॅमेरा उघडा नेला, तर लेन्सवर आणि आतही दव धरते. शिरण्याआधीच तो झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरात आल्यावर तासभर तरी पिशवी उघडू नका. म्हणजे घरात लगेच फोटो काढायचे असतील, तर दुसरी बॉडी आधीपासून आतच हवी. थंडीत बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते.

## ३. दुभाष्या, मुखिया आणि पैसा

सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात, आणि ते बिघडले हे घरी आल्यावर कळते.

दुभाष्याची निवड करताना भाषेइतकाच त्याचा मानही बघा. तो जमीनदाराचा माणूस असेल, सरकारी अधिकारी असेल किंवा वरचढ समाजातला असेल, तर तुमची विनंती समोरच्याच्या कानी हुकूम म्हणून पडते. लोक ‘हो’ म्हणतात आणि लाकडासारखे उभे राहतात. त्याच वस्तीतला, सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस मोडके-तोडके बोलत असला तरी जास्त उपयोगी. स्त्रियांचे काम टिपायचे असेल, तर दुभाषी बाईच हवी. याला पर्याय नाही.

गावात शिरण्याआधी दुभाष्याला चार वाक्ये पाठ करून द्या: आम्ही कोण, किती दिवस आहोत, फोटोंचे काय करणार आणि नको म्हटले तरी राग नाही. चौथे वाक्य बहुतेक जण विसरतात. त्याच्यामुळेच तर नकार देणे सोपे होते. आणि ज्याला नकार देता येतो, त्याचाच होकार खरा.

पहिली भेट मुखियाची किंवा ज्येष्ठांची. त्यांनी हो म्हटले म्हणजे गावात फिरायची परवानगी मिळाली. प्रत्येक माणसाची परवानगी वेगळी घ्यायची. मुलांच्या बाबतीत पालकांची.

पैशाची गोष्ट आधीच उरका. इथियोपियाच्या ओमो खोऱ्यात मुर्सी लोक फोटोमागे पैसे घेतात आणि शटरचे आवाज मोजतात. मग फोटो जास्त मिळावेत म्हणून लोक एरवी घालत नाहीत असे दागिने आणि शिंगे चढवून येतात. ते फोटो त्या बाजाराचे असतात, रोजच्या दिवसाचे नव्हेत. जिथे दर ठरलेला आहे तिथे घासाघीस करू नका, पण हिशेब एकेका फोटोवर न ठेवता पूर्ण सकाळचा मिळून ठरवा. जिथे असा रिवाज नाही, तिथे तो तुम्ही सुरू करू नका. सगळ्यांच्या उपयोगाचे काही द्यायचे असेल, तर ज्येष्ठांना विचारून, जाताना आणि सगळ्यांदेखत द्या. मुलांना गोळ्या किंवा पेन वाटू नका. पुढच्या पाहुण्यापुढे हात पसरतात तीच मुले.

## ४. पहिला अर्धा दिवस कॅमेरा पिशवीतच

याचे कारण शिष्टाचारापेक्षा व्यावहारिक आहे. या वेळात तीन गोष्टी टिपून ठेवायच्या असतात, आणि डोळ्याला कॅमेरा लावून त्या टिपता येत नाहीत.

पहिली, वेळापत्रक. पाणी कधी भरतात, जनावरे कधी सुटतात, चूल कधी पेटते, पुरुष घरी कधी असतात. दुसरी, उजेड. कोणत्या घराचे दार कोणत्या दिशेला आणि सकाळी नऊला ऊन कुठपर्यंत आत येते. तिसरी, वर्ज्य गोष्टी. चुलीच्या कोणत्या बाजूने जायचे नाही, कोणत्या वस्तूला पाय लावायचा नाही, कोणत्या खोलीत बाहेरचा माणूस येत नाही.

कॅमेरा दिसला नाही तर लोक तुमच्याशी बोलतात. दिसला की त्याच्याशी बोलतात.

हातात एकच दिवस असेल, तर अख्खे गाव करण्याचा हट्ट सोडा आणि एका कुटुंबापाशी बसा. अर्ध्या दिवसाऐवजी दोन तास कॅमेरा बंद ठेवा, पण ठेवा.

## ५. सेटिंग लोकांसमोर जाण्याआधीच

घराबाहेर, सावलीत उभे राहून कॅमेरा तयार करा (पहिल्या तीन ओळींतले आकडे शटर स्पीडचे, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहते त्याचे):

- बसलेला, बोलणारा माणूस: १/१२५
- काम करणारे हात, चालणारी माणसे: १/२५० ते १/५००
- जाळे फेकणे, धान्य पाखडणे, पळती जनावरे: १/१०००
- ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चालू, कमाल मर्यादा ६४००
- फाइल रॉ, सोबत लहान जेपेग
- फोकसचा बीप, फोकसचा लाल दिवा आणि फ्लॅश तिन्ही बंद
- जीपीएस बंद

शटर स्पीड सहसा कमी पडतो, आयएसओ क्वचितच. ६४०० आयएसओचा दाणेदार फोटो वापरता येतो. १/३० वर हललेला हात कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडते, पण बहुतेक कॅमेऱ्यांत वेगाने हलणारी वस्तू त्याने तिरपी होते. मागावरचा धोटा वाकडा दिसतो आणि एलईडी दिव्याखाली पट्टे येतात. हालचालीला यांत्रिक शटरच बरे.

तपासा: एक फोटो स्वतःच्या तळहाताचा काढा. हिस्टोग्राम (उजेड-काळोखाचा आलेख) बघा, फोकस बघा. मगच आत जा.

## ६. फोटोंचा क्रम: आधी काम, मग हात, चेहरा शेवटी

नवखा माणूस चेहऱ्यापासून सुरुवात करतो. ओळख नसलेला माणूस डोळ्यांत बघत लेन्स रोखतो, तेव्हा समोरच्याला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे ताठ होणे. म्हणून पहिली विनंती फोटोची नको. “तुमचं काम बघत थोडा वेळ बसलो तर चालेल का?” एवढेच विचारा.

कामाची एक फेरी नुसती बघा. रोजची कामे फिरून फिरून त्याच हालचालींची असतात. विणकर पाय दाबतो, धोटा टाकतो, फणी ओढतो आणि पुन्हा पाय दाबतो. फणी अंगाकडे येते तेव्हा खांदे झुकतात आणि चेहरा उजेडात येतो. हे तीनदा बघितले की चौथ्यांदा कधी दाबायचे ते बोटाला कळते. मासेमाराचे जाळे हवेत पूर्ण उघडते तो क्षण अर्ध्या सेकंदाहून लहान असतो. जाळे हातातून सुटताना बटन दाबायला सुरुवात केली, तरच तो मिळतो. उघडलेले बघून दाबले तर जाळे पाण्यात.

मग जागा धरा. समोर नाही आणि मागे नाही, साधारण ४५ अंशांत, उजेड येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि काम करणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो जमिनीवर बसला असेल तर तुम्हीही बसा. उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत माणूस लहान होतो आणि पार्श्वभूमी म्हणून फक्त जमीन येते.

३५ मिमीने पूर्ण जागा आणि माणूस एकत्र घ्या. मग पुढे सरकून हात आणि हत्यारे. कामाची सुरुवात आणि शेवटही घ्या: सूत भिजवताना आणि कापड उतरवताना. फक्त मधला, सुबक भाग काढणारे फार आहेत.

चेहरा. एव्हाना तासभर गेलेला असतो आणि मान वर झाली की हसू आपोआप येते. आता पोर्ट्रेटचे विचारा. घराच्या दारात, उन्हाच्या रेषेपासून मीटरभर आत माणसाला बसवा. तोंड दाराकडे किंचित तिरके. मागची खोली तीन-चार मीटर खोल असली, की ती काळोखात जाते आणि चेहरा सुटा होतो. फ्लॅशची गरजच उरत नाही.

इथे दोन तांत्रिक चुका हटकून होतात. पहिली एक्सपोजरची, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याची. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे मध्यम करड्याकडे ओढते. काळोख्या खोलीच्या पार्श्वभूमीवर ते चेहरा जास्त उजळ करून गालावरचा उजेड जाळते: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) वजा २/३ ते वजा १ करा. बर्फ, वाळू किंवा उजळ आभाळ मागे असेल तर उलट, चेहरा काळवंडतो: अधिक १ ते अधिक १ २/३. गडद त्वचेने फ्रेम भरली असेल, तर मीटर ती फिकट करते, तेव्हा पुन्हा वजा. त्वचा जशी आहे तशीच गडद आणि तजेलदार दिसायला हवी.

दुसरी फोकसची. ८५ मिमी, एफ/१.८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान, तितके छिद्र मोठे), अंतर दीड मीटर असेल, तर फोकसची पट्टी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरची असते. डोळा धारदार असेल तर कान आणि कानातले धूसर होतात. एफ/४ वर या. ३५ मिमीने त्याच अंतरावर एफ/१.८ लाही वीसेक सेंटिमीटर मिळतात, म्हणून अंधाऱ्या घरात ३५ जास्त कामाची. दोन माणसे पुढे-मागे असतील तर एफ/४ हून खाली जाऊच नका.

चुलीच्या उजेडात १/६०, एफ/१.८, आयएसओ ६४०० पासून सुरू करा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर न ठेवता ३२०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान एका आकड्यावर बांधा. नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. ज्वाला फ्रेमच्या बाहेर ठेवा, तिच्यामुळे मीटर फसते.

नकार ओळखा. तोंडाने ‘नाही’ फार कमी लोक म्हणतात. मान फिरवणे, पदर किंवा टोपी ओढणे, उगाच हसणे, परवानगी विचारल्यासारखे घरातल्या मोठ्याकडे बघणे, काम सोडून उठणे: हे सगळे नकारच. कॅमेरा मांडीवर ठेवा आणि गप्पा चालू ठेवा.

पोर्ट्रेट झाले की मागच्या स्क्रीनवर दाखवा आणि एक प्रिंट तिथेच हातात द्या. ती पहिली कोणाच्या हाती पडते, ते जपून ठरवा. सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीपासून सुरुवात केली, तर भांडण होत नाही.

इशारा: प्रार्थना, अंत्यविधी, दीक्षा, प्रसूतीनंतरचे दिवस अशा वेळी गावाची सर्वसाधारण परवानगी चालत नाही. त्या विधीच्या प्रमुखाला आदल्या दिवशी विचारा. कुठे बसायचे हे त्यांनाच ठरवू द्या आणि ती जागा सोडू नका.

## ७. रात्रीचा तास

झोपण्याआधी, दमला असाल तरी:

१. कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा. दोन्हीकडे काही फाइल उघडून बघा.
२. दोन प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. शक्य असेल तर घरी पोचेपर्यंतच करू नका.
३. एक डिस्क अंगावरच्या पिशवीत, दुसरी सहप्रवाशाकडे.
४. वहीत फोटोच्या क्रमांकापुढे नाव, नाते, काम, जागा, तारीख लिहा. नावाचा उच्चार देवनागरीत लिहिला तर नंतर गोंधळ होत नाही.
५. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड. उलट केले तर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो.

वहीचे काम उद्यावर ढकलू नका. नाव न लिहिण्याचे किती महागात पडते, याचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो जून १९८५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, जगभर पोचला, आणि त्या मुलीचे नाव कळायला २००२ उजाडले.

## ८. निवड, संस्कार, कॅप्शन

दोन हजारांतून चाळीस उरले पाहिजेत. पहिल्या फेरीत हललेले आणि फोकस चुकलेले काढा. दुसऱ्या फेरीत दुभाष्यासमोर किंवा त्या समाजातल्या कोणासमोर दाखवायला लाज वाटेल ते काढा. उघडी मुले, आजारी माणसे, नशेत असलेला पाहुणा. अशा फोटोंना बक्षिसे मिळतात, हे खरे. तरीही वगळा.

फोटोवर संगणकात संस्कार करताना उजेड, रंग आणि कातरणे एवढ्यावर थांबा. प्लॅस्टिकचा पिवळा कॅन, फुटबॉलची जर्सी, छपरावरचे सौर पॅनल किंवा खिशातला मोबाइल पुसून टाकणारे बरेच आहेत, म्हणजे गाव ‘अस्सल’ दिसते म्हणे. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेच्या नियमांत असे काही पुसणे किंवा घालणे बसत नाही. तो कॅन म्हणजे त्या घरातले पाणी आहे. तो राहू द्या. सॉफ्टवेअरमधली, बारकावे उठावदार करणारी क्लॅरिटीची पट्टी ओढून सुरकुत्या खोल करणे हाही त्यातलाच प्रकार.

कॅप्शनमध्ये लोकांनी स्वतःला लावलेले नाव वापरा: उत्तर युरोपात ‘लॅप’ नव्हे, सामी. कॅनडात ‘एस्किमो’ नव्हे, इनुइट. क्रियापद वर्तमानातले आणि नेमके हवे. “पारंपरिक जीवन जगणारी स्त्री” यातून काहीच कळत नाही. “बाजारात विकायच्या घोंगडीसाठी लोकर पिंजताना” यातून कळते. अचूक ठिकाण टाकण्याआधी थांबा. लहान वस्ती, पवित्र जागा किंवा वादातली जमीन असेल, तर जिल्हा किंवा खोरे एवढेच द्या, आणि फाइलमध्ये जीपीएस राहिले नाही ना, हेही बघा.

जाहिरातीसाठी फोटो विकायचा असेल, तर लेखी संमती लागते. ती जागेवरच घ्या. वाचता न येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि वस्तीतल्याच साक्षीदाराची सही घ्या. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव व चित्र दाखवणे टाळतात. त्यामुळे कुटुंबाने कळवले, तर फोटो काढून टाकण्याची तयारी ठेवा.

## ९. प्रिंट पोचवणे

“पाठवतो” असे म्हणून न पाठवलेले फोटो हे त्या गावातल्या पुढच्या छायाचित्रकाराला मिळणाऱ्या नकाराचे सर्वांत मोठे कारण. निघण्याआधीच पत्त्याची सोय करा. टपाल येत नसेल, तर शाळेचे शिक्षक, आरोग्य सेविका किंवा तालुक्याच्या गावी ये-जा करणारा चालक, यांपैकी एकाचे नाव दुभाष्याकडून लिहून घ्या.

१० बाय १५ सेंटिमीटरच्या प्रिंट पुरतात. मागे नाव लिहा, पण शाई पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, नाहीतर मागच्या नावाचा ठसा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतो. प्रत्येक कुटुंबाचे वेगळे पाकीट करा आणि वर मोठ्या अक्षरात नाव टाका. समूहाचा फोटो असेल तर त्यात जितकी माणसे, तितक्या प्रती. एकच पाठवली, तर ती मुखियाच्या घरी भिंतीवर लागते आणि बाकीच्यांना तो फोटो बघायलाही तिथेच जावे लागते.